रुपयाची पुडी, गंगेत बुडी

गंगाखेडात किराणा दुकानापुढं उभं राहिलं की मालक दिसायच्या आधी माळा दिसतात. शॅम्पूच्या, खोबरेल तेलाच्या, मेंदीच्या, दंतमंजनाच्या. गिऱ्हाईक कंपनीचं नाव घेत नाही, रंग सांगतं. "दोन काळ्या द्या, एक निळी." मालक हात वर करतो, फर्रकन तीन पुड्या तोडतो आणि व्यवहार मिटतो. परभणी जिल्ह्यातलं हे गोदाकाठचं तालुक्याचं गाव. बोलताना गोदावरीला इथं गंगाच म्हणतात. या गावाच्या न्हाणीत प्लास्टिक शिरलं ते असं, सुट्या पैशांनी.

प्लास्टिक कमी करा म्हटलं की सगळे कॅरीबॅगेवर तुटून पडतात. न्हाणीचं दार मात्र लोटलेलंच राहतं. आज ते जरा उघडू. आत कचरा आहेच, पण गमतीही कमी नाहीत.

पाच रिकाम्या आणा, एक भरलेली न्या

पुडीचं मूळ तमिळनाडूत. कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी एकच ध्यास घेतला होता: श्रीमंत जे वापरतो ते मजुरालाही घेता आलं पाहिजे. म्हणून माल चिमुकल्या पाकिटांत भरायचा. त्यांच्या मुलांनी पुढं 'वेल्वेट' शॅम्पू पुडीत आणला. त्यांतलाच एक, सी. के. रंगनाथन, घरच्या धंद्यातून बाहेर पडला आणि १९८३ साली १५ हजार रुपयांच्या भांडवलावर स्वतःचा शॅम्पू काढून बसला. त्याचं नाव 'चिक'.

या 'चिक'ची एक योजना फार गाजली. कुठल्याही कंपनीच्या पाच रिकाम्या पुड्या दुकानात आणून द्या, 'चिक'ची एक भरलेली फुकट न्या. लोक रिकाम्या पुड्या जपून ठेवायला लागले. मग कंपनीनं अट बदलली: पाचही पुड्या 'चिक'च्याच हव्यात. धंदा वाढला तो वाढलाच. आज पर्यावरणवाले 'कंपन्यांनी आपला कचरा परत घ्यावा' म्हणून कंठशोष करतात. रिकामी पुडी दुकानात परत येऊ शकते हे शॅम्पू विकणाऱ्यानं चाळीसेक वर्षांपूर्वीच दाखवून दिलं होतं. फक्त हेतू निराळा होता.

आता जरा घरचा हिशेब. चार माणसं, आठवड्यातून एकदा डोक्यावरून पाणी, माणशी एक पुडी. वर्षाला २०८ पुड्या झाल्या. लांब केसांच्या लेकीबाळींना एक पुडी पुरत नाही, तो हिशेब वेगळा.

"मग मोठी बाटली का घेत नाहीत?" हा प्रश्न विचारणारा बहुधा महिन्याच्या पगारावर जगत असतो. रोजंदारीवरच्या बाईला रुपया आज खर्च करता येतो, दीडदोनशे रुपये एकदम बाटलीत कोंडून ठेवता येत नाहीत. शिवाय आपल्याकडचं एक उलटं गणित आहे. बऱ्याचदा मिलीमागं पुडीच बाटलीपेक्षा स्वस्त पडते. विश्वास बसत नसेल तर दुकानात दोन्ही हातात घ्या, मागचा मिलीचा आकडा वाचा आणि भागाकार करा. मोठं पाकीट घेतलं की स्वस्त पडतं हा जगभरचा नियम इथं डोक्यावर उभा आहे. पुडी घेणारी बाई अडाणी नाही, ती चोख हिशेबी आहे.

फाडलेला कोपरा जातो कुठं?

पुडी उघडायची रीत सगळ्यांची एकच. हात ओले, बोटं निसरडी, म्हणून कोपरा दातात धरायचा आणि झटका द्यायचा. तो नखाएवढा तुकडा थुंकला जातो, भिंतीला चिकटतो, नाहीतर पाण्याबरोबर मोरीच्या भोकात जातो. महिन्या-दोन महिन्यांनी मोरी तुंबते. मग कुणीतरी तार घालून ओढतं आणि केसांच्या गुंत्यातून हे चकचकीत कोपरे बाहेर येतात, काळे, निळे, हिरवे. घरात कोणत्या कंपन्यांचा माल खपला याचा अख्खा पुरावा.

उरलेली पुडी भंगारवाला घेत नाही. शॅम्पूची रिकामी बाटली तो किलोवर घेतो, कारण ती एका जातीच्या प्लास्टिकची असते. पुडीत मात्र पातळ थरांवर थर असतात: छपाईचा एक, ओल आणि हवा अडवणारा चंदेरी दुसरा, चिकटवण्याचा तिसरा. ते सुटे करणं कुणालाच परवडत नाही. पुण्यातल्या 'आशय' नावाच्या छोट्या कंपनीनं चिप्सच्या पाकिटांसारख्या अशाच थरांच्या प्लास्टिकमधून गॉगलच्या फ्रेमी बनवून दाखवल्या. अनिश मालपाणी यांनी काढलेल्या या कंपनीचे गॉगल २०२३ साली बाजारात आले तेव्हा बरीच चर्चा झाली. करता येतं, एवढं सिद्ध झालं. पण गंगाखेडची पुडी गोळा करून पुण्याला नेणार कोण?

म्हणून ती दोनच ठिकाणी जाते. एक, अंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीत किंवा बंबात. काडीकचरा पेटायला वेळ लागतो, प्लास्टिक भसकन पेटतं. केस धुतलेल्या पुडीच्या धुरावर पुढच्याचं पाणी तापतं आणि तो धूर चूल फुंकणारीच्या छातीत जातो. हा शॉर्टकट मात्र खरंच बंद करायला हवा, इथं काही गंमत नाही.

दुसरं ठिकाण म्हणजे गंगा. पर्वणीला, अस्थिविसर्जनाला, दशक्रियेला लांबलांबून माणसं गंगाखेडच्या घाटावर येतात. स्नान तर होणारच, आणि आता स्नानाला पुडी लागते. पुडी तिथंच पडते. पावसाळ्यात पाणी चढलं की तिचा प्रवास सुरू. गोदावरी एकूण १,४६५ किलोमीटरची. त्र्यंबकेश्वरला निघते, राजमहेंद्रीच्या पुढं बंगालच्या उपसागराला मिळते. गंगाखेडच्या खाली नांदेडपाशी विष्णुपुरीचा जलाशय लागतो आणि नांदेड शहर पाणी पितं ते तिथलं. गंगाखेडात डोकं धुतलं की खाली पाहुण्यांच्या माठात काय जातं, याचा विचार सोयरीक जुळवताना कुणी करत नाही.

पिशवी बेकायदा, पुडी कायदेशीर

महाराष्ट्राची प्लास्टिकबंदी आठवते? २३ मार्च २०१८ ची अधिसूचना आणि २३ जूनपासून दंडाची पावती. पहिल्यांदा सापडलं तर ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि तीन महिन्यांची कैद. पहिल्या आठवड्यात तर भाजीवाल्यानं कोथिंबीर वर्तमानपत्रात गुंडाळून दिली होती. पण कारखान्यातच माल भरून येणारं वेष्टन या बंदीतून सुटलं. म्हणजे पंचवीस पुड्या कॅरीबॅगेत घालून निघालात तर पिशवी गुन्हेगार, पुड्या निर्दोष.

श्रीलंकेनं २०२१ साली खाद्यपदार्थ आणि औषधं वगळून अशा चिमुकल्या पुड्यांवरच बंदी घातली. आपल्याकडं ती घातली तर गंगाखेडची बाई काय वापरेल, हा प्रश्न आधी सोडवावा लागेल. आणि त्याचं उत्तर दडलंय बोअरच्या पाण्यात.

जड पाण्याचा हिसका

मराठवाड्यात शॅम्पू एवढा का रुजला याचं श्रेय सगळे जाहिरातींना देतात. मला त्यातला अर्धा वाटा बोअरचा वाटतो. जमिनीखालचं पाणी जड. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी भांडतात आणि फेसाऐवजी चिकट साका तयार होतो. बादलीच्या आतल्या बाजूला जे पांढुरकं पुट चढतं तेच केसांवरही चढतं. साबणानं डोकं धुतलं की केस राठ, चिकट, फणी अडणार. शॅम्पूतला फेस करणारा पदार्थ साबण नसतो, म्हणून तो जड पाण्यातही फसफसतो. पहिल्यांदा पुडी लावून मऊ केस हातात आलेली बाई पुन्हा साबणाकडं कशाला वळेल?

म्हणून 'प्लास्टिक सोडा, साबणाच्या वडीनं केस धुवा' हा सल्ला इथं तोंडावर आपटतो. हल्ली बाजारात शॅम्पूच्या वड्या मिळतात, कागदात गुंडाळलेल्या. त्यांचे दोन प्रकार असतात. एक म्हणजे वासाचा साधा साबणच, नुसतं नाव शॅम्पूचं. तो बोअरच्या पाण्यात दगा देतो. दुसरी खरी शॅम्पूची वडी, बाटलीतलाच फेसाचा माल पाणी काढून घट्ट केलेला. ती जड पाण्यातही चालते. घेताना एवढं एक विचारून घ्या, बाकी जाहिरात वाचायची गरज नाही.

आणि रिठा? रिठ्याच्या सालीत सॅपोनिन असतं. त्याला पाण्यातल्या क्षारांचं फारसं वावडं नाही. सोनार दागिने उजळायला रिठाच वापरत आले. काष्ठौषधीच्या दुकानात तो सुटा, कागदाच्या पुडक्यात मिळतो. बी काढून साल रात्री भिजत घालायची, सकाळी उकळून, चुरून, गाळून घ्यायची, जोडीला शिकेकाई. डोळ्यांत गेलं तर आई आठवते, एवढं सोडलं तर तक्रारीला जागा नाही.

तरी लोकांनी रिठा सोडला, आणि तो काही अडाणीपणानं नाही. सकाळी सातला शाळेची बस, आठला रोजगार, त्यात हे उकळत कोण बसणार? करून ठेवावं तर दोन-तीन दिवसांत आंबतं. मग कुणीतरी शहाणा तयार पूड विकायला आणतो, आणि ती पूड येते कशात? प्लास्टिकच्या पाकिटात. दिवाळीच्या उटण्याचंही तेच झालं. नागरमोथा, कचोरा, वाळा, आंबेहळद, गुलाबपाकळी, सगळं अस्सल आयुर्वेदिक आणि बाहेरून चंदेरी पुडी.

मराठीतलं सगळ्यात गाजलेलं न्हाणं

ते गंगाखेडच्याच लेकीचं. संत जनाबाई इथली. आईचं नाव करुंड, वडील दमा. लहानपणीच ती पंढरपूरला दामाशेटींच्या, म्हणजे नामदेवांच्या वडिलांच्या घरी गेली आणि नामयाची दासी म्हणवून घेत राहिली. तिच्या नावावरच्या अभंगांत देव दळू लागतो, शेण्या वेचू लागतो, आणि विसणाला पाणी नसताना ते आणून तिला न्हाऊ घालतो, केस विंचरून वेणीफणीही करतो. १३५० साली तिनं पंढरपुरात देह ठेवला असं परंपरा सांगते.

घरकामाच्या इतक्या बारीक नोंदी ठेवणारी दुसरी संतकवयित्री सापडायची नाही. जातं, शेण, सडा, धुणं, केस, सगळं तिच्या अभंगांत येतं. प्लास्टिक अर्थातच नाही. विसणाला, म्हणजे कढत पाण्यात मिसळायला, थंड पाणी असलं तरी चैन वाटावी असा तो काळ.

उंदीर विरुद्ध खोबरेल

ही गोष्ट माझ्या फार आवडीची. पूर्वी खोबरेल तेल पत्र्याच्या डब्यात यायचं. थंडीत ते गोठलं की डबा उन्हात नाहीतर चुलीशेजारी ठेवायचा. १९८० च्या दशकात हर्ष मारीवाला यांनी 'पॅराशूट' प्लास्टिकच्या बाटलीत आणायचं ठरवलं, कारण पत्र्यापेक्षा ते स्वस्त. दुकानदारांनी हात जोडले, "नको बाबा!" त्याआधी कुणीतरी चौकोनी प्लास्टिकच्या बाटल्या आणल्या होत्या. उंदरांनी त्यांचे कोपरे कुरतडले आणि दुकानभर तेलच तेल झालं.

मग मारीवालांच्या माणसांनी बाटली गोल केली. उंदराला दात रोवायला कोपराच नको. आणि तेलाचा थेंबही बाहेर राहू नये अशी ती घट्ट केली. तेवढ्यावर दुकानदार ऐकेना, तेव्हा बाटल्या उंदरांच्या पिंजऱ्यात ठेवल्या. काही दिवसांनी बाटल्या शाबूत! त्याचे फोटो दुकानादुकानांत दाखवले तेव्हा कुठं माल उतरवून घेतला गेला. आज घरोघर कोनाड्यात दिसणारी ती निळी गोल बाटली उंदरांची परीक्षा पास होऊन आली आहे.

ती बाटली एकदा वापरून कुणी फेकत मात्र नाही. तिच्यात रॉकेल आलं, फिनेल आलं, शेतावर न्यायचं पाणीसुद्धा आलं. फेकली जाते ती तेलाची पुडी. मोंढ्यात लाकडी घाण्याचं तेल आपली बाटली नेऊन भरून मिळत असेल तर तो रस्ता आजही सगळ्यात सोपा.

चित्रकाराची ट्यूब, वासिंदचा कारखाना

टूथपेस्टची ट्यूब दातांच्या डॉक्टरानं नव्हे, चित्रकारानं काढली. जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराचे रंग वाळून जायचे. त्यापूर्वी रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत ठेवत. १८४१ साली त्यानं पिळता येणारी धातूची ट्यूब केली. पुढं वॉशिंग्टन शेफील्ड या दंतवैद्यानं तिच्यात टूथपेस्ट भरली, हे १८९० च्या दशकातलं. त्याआधी सगळं घर एकाच बरणीत ब्रश बुडवायचं म्हणे.

आपल्याकडची पत्र्याची ट्यूब ज्यांनी वापरली त्यांना तिची शिस्त आठवत असेल: खालून गुंडाळत वर यायचं, मधे दाबलं तर घरात महाभारत. मग लॅमिनेटची ट्यूब आली आणि कुठूनही दाबायची मुभा मिळाली. तिच्या जगभरच्या प्रवासातलं मोठं ठाणं महाराष्ट्रातच आहे. कसारा लोकलनं जाताना लागणारं वासिंद, ठाणे जिल्हा. एस्सेल पॅकेजिंगचा तिथला कारखाना. ती कंपनी आता ईपीएल या नावानं ओळखली जाते आणि अशा ट्यूब बनवणाऱ्या जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांत तिची गणना होते. न्यूयॉर्कचा माणूस सकाळी जी ट्यूब पिळतो तिचं गोत्र शहापूर तालुक्यात निघालं तर नवल नाही.

पत्रा भंगारात जायचा, थरांची ट्यूब जात नाही. अलीकडं एकाच जातीच्या प्लास्टिकच्या, पुन्हा वापरात आणता येणाऱ्या ट्यूब निघाल्यात. तसं ट्यूबवर छापलेलंही असतं. तोवर सोपा उपाय म्हणजे कात्री. ट्यूब संपली असं वाटलं की मधोमध कापा, आत आणखी चार दिवसांचा माल असतो.

की मंजनाकडं परत जायचं? केशव विष्णु पेंढरकरांनी १९५२ साली 'विको' काढली ती दंतमंजनावरच, दारोदार फिरून विकत. 'माकड छाप' काळं मंजनही मुंबईचंच. बोटानं घासा, चूळ भरा, ना ट्यूब ना ब्रश. गंगाखेडच्या शिवारात बाभूळ आणि कडुलिंब बांधाबांधावर उभा आहे, दातवण तोडायला पैसा पडत नाही. फक्त एक लक्षात ठेवा. जुनं ते सगळं सोनं नसतं. मिसरीलाही प्लास्टिक लागत नाही. तव्यावर भाजलेली ती तंबाखूच आहे, आणि हिरड्यांना तासन् तास लावून ठेवल्यानं तोंडाच्या कॅन्सरला आमंत्रण जातं. आजीचं सगळं ऐकावं, मिसरीचं ऐकू नये.

नंबर दोन आधी, नंबर एक नंतर

अंगाच्या साबणाची वडी ही न्हाणीतली सगळ्यात सभ्य वस्तू. झिजते, संपते, मागं काही ठेवत नाही. उरलेली चिपटी नव्या वडीला चिकटवायची रीत तर आपण शोधून काढल्यासारखी जपतो. अर्देशीर गोदरेज यांनी जनावरांच्या चरबीऐवजी वनस्पती तेलापासून साबण बनवला, पहिला 'चावी'. पुढं अंघोळीच्या साबणात आधी 'नंबर दोन' आणला आणि मग 'नंबर एक'. लोकांना दोन आवडला तर एक किती चांगला असेल, हा त्यामागचा धूर्तपणा. याच अर्देशीर यांनी टिळक स्वराज्य फंडाला ३ लाख रुपये दिले होते. 'मोती' साबण टाटा ऑइल मिल्सचा, आता तो दुसऱ्या घरी गेलाय, पण दिवाळीला पुठ्ठ्याच्या खोक्यात येतो तो आजही येतोच. या सगळ्यांना सोडून आपण पंपाच्या बाटलीतला पातळ साबण कशासाठी घेतो? पाण्याचे पैसे द्यायला आणि पंप फेकायला.

अंग घासायला नायलॉनची रंगीत जाळीही नको. परसात घोसाळ्याचा वेल असेल तर एक-दोन घोसाळी वेलावरच वाळू द्या. साल काढा, बिया झटका, आत तयार जाळी. टाचांना वज्री आहेच, आजीची तांब्याची असली तर नातवापर्यंत पुरेल.

यादीत पहिला नंबर कुणाचा?

१ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली. चमचे, स्ट्रॉ, फुग्याच्या काड्या, सजावटीचं थर्माकोल. त्या सरकारी यादीतलं पहिलं नाव मात्र न्हाणीतलं: प्लास्टिकच्या काडीचे, कान साफ करायचे बड. काडी कागदाची किंवा बांबूची चालते. कापूस तर परभणीच्या काळ्या मातीतलाच पिकतो. पूर्वी करगोट्याला किंवा किल्ल्यांच्या जुडग्याला कानकोरणं लटकायचं, पितळेचं नाहीतर चांदीचं. कानाचे डॉक्टर दोन्हींवर सारखेच नाराज असतात. त्यांचं म्हणणं, कानात काहीच घालू नका. प्लास्टिक वाचवायचा हा एकमेव उपाय असा की जो काहीच न केल्यानं साधतो.

लाल ठिपका

न्हाणीतलं सगळ्यात अवघड प्लास्टिक हे, आणि त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. सॅनिटरी पॅडचा बहुतांश भाग प्लास्टिकचा असतो: वरची जाळी, खालचा न गळणारा थर, चिकटपट्टी आणि शोषून घेणारी पावडर. महाराष्ट्र सरकारनं ८ मार्च २०१८ ला 'अस्मिता' योजना आणली. जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना ५ रुपयांत आठ पॅडचं पाकीट, बचत गटांच्या बायांमार्फत. याच महिन्यात प्लास्टिकबंदीची अधिसूचनाही निघाली. एका हातानं प्लास्टिक बंद, दुसऱ्या हातानं पॅड स्वस्त. यात विसंगती शोधणाऱ्यांना माझं सांगणं आहे की मुलीची शाळा बुडू न देणं पहिलं, पॅडचा कचरा दुसरा.

पण दुसरा प्रश्न उरतोच, आणि तो पहिल्यांदा बोलून दाखवला कचरा वेचणाऱ्या बायांनी. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातून 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली. उघडे पॅड हातानं वेगळे काढावे लागत असल्यानं वैतागलेल्या या बायांनी शहराला सांगितलं: पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे पाकीट उघडावं लागणार नाही. याच चळवळीनं वापरलेले पॅड पिशवीत भरून बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवले होते! पुढं २०१६ च्या घनकचरा नियमांत कंपन्यांनी पॅड गुंडाळायला पाकीट द्यावं असं आलं. आता बऱ्याच पाकिटांत ते मिळतं. गंमत अशी की तेही बहुधा प्लास्टिकचंच.

पुण्यातच अजिंक्य धारिया यांच्या 'पॅडकेअर लॅब्ज'नं वापरलेल्या पॅडचं निर्जंतुकीकरण करून लगदा आणि प्लास्टिक वेगळं काढणारं यंत्र बनवलं. मोठ्या ऑफिसांना, कॉलेजांना ते ठीक. गंगाखेडच्या गल्लीत काय?

कापडी पॅड हे सोपं उत्तर वाटतं. जुन्या लुगड्याच्या मऊ घड्या आपल्या आज्यांनी वापरल्याच. पण ते धुवायला भरपूर पाणी लागतं आणि वाळवायला कडक ऊन, तेही उघड्यावर. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या बाईला 'कापडी वापरा' सांगणाऱ्यानं आधी दोन घागरी पाणी आणून द्यावं. दोरीवर साडीखाली लपवून वाळवलेली ओलसर घडी म्हणजे रोगाला निमंत्रण. त्यापेक्षा मासिक पाळीचा कप मराठवाड्याच्या पाणीटंचाईत जास्त बसतो. धुवायला तांब्याभर पाणी, पाळी संपल्यावर एकदा उकळायचा, आणि कित्येक वर्षं पुरतो. हा काही कालपरवाचा शोध नाही. लिओना चामर्स या अमेरिकन नटीनं त्याचं पेटंट १९३७ साली घेतलं होतं. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यातल्या कुंबळंगी ग्रामपंचायतीनं जानेवारी २०२२ मध्ये गावातल्या बायकांना कप वाटून सॅनिटरी पॅडमुक्त गाव म्हणून नाव मिळवलं. आपल्याकडं पहिली अडचण किमतीची नाही, संकोचाची आहे. सासू काय म्हणेल, लग्न न झालेल्या पोरीनं वापरावा का, हे प्रश्न गावातल्या आशा आरोग्यसेविकांनी बसून सोडवायचे आहेत.

टमरेल की जय

एका बाबतीत मात्र गंगाखेड लंडनच्या पुढं आहे. २०१७ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागात गटारात एक अजस्र गोळा सापडला. १३० टन वजनाचा, २५० मीटर लांबीचा. चरबी आणि ओले वाइप्स यांचा दगडासारखा झालेला लगदा. तो फोडायला माणसं आठवडेच्या आठवडे राबत होती. त्या वाइप्समध्येही प्लास्टिकचे धागे असतात. आपलं टमरेल, मग ते डालड्याच्या डब्याचं असो की आजचा प्लास्टिकचा मग, असलं काही मागं ठेवत नाही. पाण्यानं भागतं.

आणि हो, न्हाणीतली बादली आणि मग यांच्यावर कृपया डोळे वटारू नका. प्लास्टिकचे असले तरी एकदा वापरून फेकायचे नव्हेत. गंगाखेडची बादली आधी अंघोळीला, कडी तुटली की धुण्याला, तडा गेला की म्हशीच्या पेंडीला, बूड गेलं की त्यात मोगरा. घंगाळ विकून बादली घेतलेल्या घरातही बादलीला घंगाळाचंच आयुष्य मिळतं.

ब्रशाची पेन्शन

नायलॉनच्या केसांचा पहिला ब्रश २४ फेब्रुवारी १९३८ ला अमेरिकेत विकायला आला. त्याआधी ब्रशाला डुकराचे राठ केस लावत. शाकाहारी घरात हे न सांगितलेलंच बरं. बांबूच्या ब्रशाचं हल्ली कौतुक आहे, पण त्याचे केसही बहुधा नायलॉनचेच असतात. टाकताना ते पकडीनं उपटा, मग दांडी बिनदिक्कत चुलीत जाऊ द्या.

प्लास्टिकचा ब्रश मात्र आपल्या घरात दात सोडूनही निवृत्त होत नाही. मग तो केसांना कलप लावतो, शिलाई मशीनचा मळ काढतो, गॅसच्या बर्नरची भोकं मोकळी करतो, सायकलच्या चेनला तेल पाजतो. आणि अगदी शेवटी, केस झडल्यावर, जुन्या ब्रशाच्या दांडीला जे भोक असायचं त्यात नाडी अडकवून ती परकरात ओवली जायची. बांबूच्या ब्रशाला बहुतेकदा तसं भोक नसतं. कारखानदारांनी ते पाडावं, गंगाखेडात खप दुप्पट होईल.